गिऱ्हाईक की परवानाधारक? हिंदुस्थानातील बंदुकीच्या दुकानाचा इतिहास

कोणत्याही दुकानात शिरणाऱ्या माणसाच्या दुकानदाराकडून काही साध्या अपेक्षा असतात. त्याने माल दाखवावा, भाव सांगावा, मालाच्या चांगलेपणाची हमी घ्यावी आणि माल बिघडला तर दुरुस्त करून द्यावा. कापडाचे दुकान असो वा भांड्यांचे, या अपेक्षा पिढ्यान्‌पिढ्या त्याच राहिल्या आहेत. बंदुकीचे दुकान मात्र अपवाद आहे. तेथे 'काय दाखवू?' या प्रश्नाच्या आधी 'परवाना आणला आहे का?' हा प्रश्न येतो. हा क्रम नेहमीच असा नव्हता. तो केव्हा आणि कशामुळे बदलला, आणि या बदलात बंदूक घेणाऱ्याच्या पदरी काय आले व त्याच्या हातून काय गेले, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे. शस्त्रांचा इतिहास आपण वर्गात बहुधा लढायांच्या अंगाने शिकवतो. विक्री आणि दुरुस्तीच्या अंगाने त्याकडे पाहिले, तर राज्यकर्ता प्रजेवर किती विश्वास टाकत होता याचा हिशेब हाती लागतो.

आरंभी थोडे शब्दांविषयी. भाषेच्या अध्यापकाला हा मोह आवरत नाही, आणि येथे तो उपयोगीही आहे. 'बंदूक' हा शब्द अरबी. मुळात एका कठीण कवचाच्या फळाला आणि त्यावरून गोळीला तो लावला जाई. फारसीच्या वाटेने तो उर्दू व मराठीत आला. 'दारू' हा फारसी शब्द औषधाचा. मराठीत तो मद्यालाही लागला आणि दारूगोळ्यालाही. 'काडतूस' आणि 'पिस्तूल' हे दोन्ही पोर्तुगिजांकडून आले. उर्दूत पहिल्याचे 'कारतूस' झाले. शस्त्रांना जिल्हई देणाऱ्याला अरबी 'सैकल' या शब्दावरून 'सैकलगर' म्हणत. तोच आपला शिकलगार. म्हणजे शस्त्र, त्यात भरायची दारू, काडतूस आणि शस्त्र उजळणारा कारागीर या साऱ्यांची नावे बाहेरून येऊन आपल्याकडे स्थिरावली. 'परवाना' हा शब्दही फारसीच आणि तोही जुना. परंतु बंदूक खरेदीच्या व्यवहाराशी त्याची कायमची गाठ पडली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात.

बंदूक वापरणाऱ्याला ती घडविणाऱ्याकडून काय हवे असते, याचे उत्तम वर्णन अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त सापडते. येथे ग्राहक खुद्द बादशहा होता, हे खरे. तरीही अपेक्षा त्याच. पहिली अपेक्षा अशी की, नळी फुटू नये. पूर्वी लोखंडाचा पत्रा वळवून त्याच्या कडा जोडीत. अशी नळी दारूच्या जोराने फुटून बंदूकधाऱ्याचाच जीव घेई. अकबराच्या कारखान्यात लोखंड पीळ देऊन वळविण्याची पद्धत आली, आणि तोंडापर्यंत दारू भरली तरी नळी टिके, असे अबुल फजल सांगतो. उस्ताद कबीर आणि हुसेन या कारागिरांची नावेही तो नोंदवितो. पुढची गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. तयार बंदुकीवर कच्च्या व घडविलेल्या लोखंडाचे वजन, लोखंड कोठून आणले ते ठिकाण, कारागिराचे नाव, बंदूक घडविल्याचे स्थळ, तारीख आणि क्रमांक कोरला जाई. दोष निघाला तर कोणाला बोलवायचे, हे बंदूकच सांगे. इतकेच नव्हे, तर एका वेळी सोळा नळ्या साफ करणारे, गाईने फिरविलेले चक्रही तेथे होते. म्हणजे घडण, चाचणी, हमी व निगा या चारही गोष्टी सोळाव्या शतकात एका छताखाली होत्या. बंदुकीवरच्या क्रमांकाचे पुढे काय झाले ते ओघाने येईलच.

आपल्या परिसरातील कारागिरीही कमी नव्हती. गोवा जिंकल्यानंतर तीनच वर्षांनी, १५१३ मध्ये, आल्बुकर्कने पोर्तुगालच्या राजाला कळविले की, गोव्यातील कारागिरांच्या बंदुका बोहेमियातल्या बंदुकांच्या तोडीच्या आहेत. बोहेमिया म्हणजे त्या काळच्या युरोपातील नामांकित घडणीचा प्रदेश. अठराव्या शतकात महादजी शिंद्यांच्या फौजेसाठी आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली बंदुका होत. मीर कासिमने मुर्शिदाबादहून राजधानी मुंगेरला हलविली तेव्हा तेथे शस्त्रांचा कारखाना उभा राहिला. हैदराबादचा 'गनफाउंड्री' हा भाग रेमंडने १७९५ मध्ये उभारलेल्या तोफांच्या ओतशाळेची आठवण आहे. पण हे सारे दरबारी कारखाने. तेथे गिऱ्हाईक येत नसे. गावात किंवा कसब्यात ज्याच्याकडे बंदूक असे, तो लोहाराकडे किंवा शिकलगाराकडे जाई. चाप अडकतो, दस्त्याला चीर गेली, नळीला गंज चढला, ही कामे ओळखीवर होत. कारागीर त्याच गावचा असल्याने काम वाईट झाले तर त्याला रोज तोंड दाखवावे लागे. याहून मोठी हमी कोणत्या कागदावर मिळते?

आधुनिक अर्थाने बंदुकीचे दुकान आले ते कंपनी सरकारच्या काळात, आणि तेही कलकत्त्यात. लंडनच्या प्रसिद्ध मँटन घराण्यातील फ्रेडरिक मँटन याने १८२५ मध्ये तेथे व्यवसाय सुरू केला. पुढे रॉडा आणि कंपनीसारख्या पेढ्या आल्या. सैनिकी अधिकाऱ्यांच्या सहकारी संस्थेतून निघालेल्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सने १८९१ मध्ये मुंबईत आणि १९०१ मध्ये कलकत्त्यात शाखा काढल्या. या दुकानांकडून लोकांच्या अपेक्षा काय होत्या? सर्वांत पहिली, बंदूक अंगाला बसली पाहिजे. शिंप्याने माप घ्यावे तसे चांगला बंदूकवाला गिऱ्हाइकाच्या हाताची, मानेची, खांद्याची ठेवण पाहून दस्त्याची लांबी आणि उतार ठरवी. लांब दस्ता बगलेत अडकतो, आखूड दस्त्याचा धक्का गालाला बसतो. म्हणून लंडनचे बंदूकवाले ही मापे आपल्या वह्यांत लिहून ठेवीत. दुसरी अपेक्षा हवेशी संबंधित. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागदी काडतुसे फुगून नळीत जात नाहीत आणि तेल-पुसणे चुकले की पोलादाला गंज धरतो. म्हणून पितळी काडतुसे ठेवणे, पावसाळ्याआधी बंदूक उघडून साफ करून देणे, ही दुकानदाराची कामे ठरली. जिम कॉर्बेट यांना चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांच्याकडून मिळालेली रिग्बी रायफल लंडनहून मँटनच्याच दुकानामार्फत आली होती. त्या दुकानांचे नाव किती होते, हे यावरून कळावे.

आता मुख्य वळणाकडे येऊ. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा अकरावा कायदा, म्हणजेच हत्यारांचा कायदा, मंजूर झाला. परवान्याशिवाय शस्त्रे बनविणे, विकणे, विक्रीस मांडणे बंद झाले; परवान्याशिवाय बंदूक बाळगणेही बंद झाले. हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता, संस्थानांची व्यवस्था निराळी होती. दुकानदाराच्या परवान्याला अटी जोडलेल्या होत्या. नोंदवही ठेवायची, गिऱ्हाइकाचा परवाना तपासायचा, विक्रीची नोंद करायची आणि अधिकारी आला की वही पुढे करायची. मला वाटते, या अटींनी दुकानदाराचे इमानच विभागले गेले. आजवर तो विकत घेणाऱ्याला बांधलेला होता. आता तो आधी जिल्हा मॅजिस्ट्रेटला बांधलेला झाला, कारण त्याची रोजीरोटी मॅजिस्ट्रेटच्या सहीवर अवलंबून होती. गिऱ्हाईक नाराज झाले तर एक विक्री जाते. वहीत चूक निघाली तर दुकान जाते. अशा परिस्थितीत कोणाची मर्जी राखली जाईल हे सांगायला नको.

आणि ही तपासणी सर्वांना सारखी नव्हती. या कायद्याखालच्या नियमांनी युरोपीय लोकांना आणि अन्य काही वर्गांना बंदूक बाळगण्याच्या बंधनातून मोकळे ठेवले होते. काही राजेरजवाडे व मानकरी यांनाही वैयक्तिक सूट असे. एकाच फळीपुढे दोन गिऱ्हाइके उभी राहत. एकाने पैसे मोजले की व्यवहार संपे. दुसऱ्याला आपण भरवशाचे आहोत याचा कागद आधी दाखवावा लागे. अपमान होता तो या भेदात. म्हणूनच १८८७ मध्ये मद्रास येथे बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनाने हत्यारांच्या कायद्याविरुद्ध ठराव केला. लोकांना सोसाव्या लागणाऱ्या अडचणी आणि प्रजेच्या राजनिष्ठेवर विनाकारण लागलेला डाग, असे दोन्ही मुद्दे त्यात होते. बंदुकीचे दुकान चालविणाऱ्या कोणीही हा ठराव मांडला नव्हता. तरीही दुकानाच्या फळीवर रोज जे घडत होते त्याचेच ते राजकीय भाषांतर होते. वांशिक भेद नियमांतून निघाला तो १९२० मध्ये. तपासणी राहिली, परंतु ती सर्वांची झाली.

कायद्याचा हात किती लांब पोहोचतो याचे एक नवलाचे उदाहरण येथे नोंदविण्यासारखे आहे. मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलीचा दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडू नये, या धास्तीने सरकारने हिंदुस्थानात ०.४५० व्यासाच्या रायफलींची आयात बंद केली. परिणामी लंडनच्या कारखानदारांना या एका बाजारपेठेसाठी नवी मापे शोधावी लागली. हॉलंड अँड हॉलंडचे १९०७ मधील ०.४६५ हे माप आणि ०.४७० हे माप ही त्यातूनच निघाली. पुढे इशापूरच्या सरकारी कारखान्यात ०.३१५ ची शिकारी रायफल होऊ लागली, त्यामागेही ०.३०३ चे लष्करी काडतूस सामान्य माणसाला मिळू नये हेच कारण होते. गिऱ्हाइकाच्या आवडीने माल ठरण्याऐवजी सरकारच्या भीतीने माल ठरू लागला. शिकाऱ्याला कोणते माप बरे, हा प्रश्न दुकानात विचारण्यात अर्थ उरला नाही.

या भीतीला आधारच नव्हता असे मात्र कोणी समजू नये. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात रॉडा कंपनीच्या मालाच्या २०२ पेट्या जकात कचेरीतून सुटल्या. त्यांपैकी १९२ च कंपनीच्या वखारीत पोहोचल्या. उरलेल्या दहांत ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे होती. कंपनीचाच कर्मचारी श्रीश मित्र याच्या साहाय्याने क्रांतिकारकांनी ती पळविली होती. स्वातंत्र्यचळवळीच्या इतिहासात हा प्रसंग साहसाचा म्हणून सांगितला जातो, आणि तो तसा आहेच. व्यापाराच्या इतिहासात त्याचा अर्थ थोडा निराळा लागतो. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात प्रत्येक पिस्तुलाचा क्रमांक कंपनीच्या दफ्तरी होता, हे आवर्जून नमूद आहे. त्यामुळेच पुढे सापडलेले पिस्तूल रॉडाचे की अन्य कोणाचे, हे ओळखता येत होते. अकबराच्या कारखान्यात कोरलेला क्रमांक कारागिराला उत्तरदायी ठरवी. रॉडाच्या वहीतला क्रमांक पिस्तूल ज्याच्याजवळ सापडेल त्याला पकडून देई. खूण तीच होती. तिचे तोंड मात्र घडविणाऱ्याकडून बाळगणाऱ्याकडे वळले होते.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटेल अशी अनेकांची अपेक्षा होती, आणि तिला कारणही होते. १९३१ च्या कराची अधिवेशनाने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट होता. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तसा हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती सुचविली, डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. देशाची तेव्हाची अवस्था पाहता डॉ. आंबेडकरांची भूमिकाच योग्य होती, असे माझे मत आहे. पण त्यामुळे एक गोष्ट कायमची ठरली. बंदूक घेणारा हक्काने दुकानात येत नाही, परवानगीने येतो.

१९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्यात विक्रीबरोबर 'दुरुस्ती' हा शब्दही परवान्याच्या कक्षेत स्पष्टपणे घातलेला आहे. कायद्याच्या पुस्तकातला हा एक शब्द; पण गावच्या लोहाराने किंवा शिकलगाराने अडकलेला चाप सोडवून देणे आता गुन्हा ठरू शकत होते. शिकलगार कात्र्या-सुऱ्यांना धार लावण्याकडे वळले, त्यामागे तलवारींचा जमाना संपणे हे मोठे कारण आहे. बंदुकीचे कामही हातचे गेल्यावर शस्त्राशी त्यांचा उरलासुरला संबंध तुटला. बंदूकवाल्याला साध्या दुरुस्तीसाठी तालुका सोडून जिल्ह्याच्या किंवा त्याहून दूरच्या शहरात जावे लागू लागले. स्वतःची बंदूक दुसऱ्याला विकायची तर १९८३ च्या दुरुस्तीनंतर जिल्हा मॅजिस्ट्रेटला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. एका व्यक्तीला तीन बंदुकांची मर्यादाही त्याच दुरुस्तीने आली; २०१९ मध्ये ती दोनवर आणली गेली.

अमेरिकेत बंदूक बाळगणे हा घटनेने मान्य केलेला हक्क आहे. तेथेही १९६८ च्या कायद्याने दुकानदारावर नोंदीचे बंधन घातले आणि १९९८ पासून गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासण्याची देशव्यापी व्यवस्था सुरू झाली. परंतु खरेदीचा अर्ज दुकानदाराच्या दफ्तरी राहतो आणि बंदूकधाऱ्यांची मध्यवर्ती नोंदवही करण्यास तेथील १९८६ च्या कायद्याने मनाई केली आहे. आपल्याकडे उलट. येथे वहीचा प्रवाह प्रारंभापासूनच दुकानाकडून कचेरीकडे वाहतो, आणि आता प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय माहितीसंचातील स्वतंत्र क्रमांक असतो. त्यामुळे तेथील गिऱ्हाईक दुकानदाराच्या उद्धटपणाबद्दल तक्रार करून दुसऱ्या दुकानात जाऊ शकते. आपल्याकडे जिल्ह्यात मोजकीच दुकाने असतात आणि जायचे म्हटले तरी माल तोच असतो.

माल तोच असण्याचे कारण असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा शौक संपविला. हैदराबाद, ग्वाल्हेर, इंदूर या शहरांतील ज्या घराण्यांना मापाची बंदूक करून घेण्याची हौस होती, तो गिऱ्हाईकवर्गच नाहीसा झाला. पुढे १९८० च्या दशकाच्या मध्यास खासगी आयातही बंद झाली. मग उरले ते सरकारी कारखान्यांचे ठरावीक नमुने: ०.३२ चे रिव्हॉल्व्हर, ०.३१५ ची रायफल, १२ बोअरची दुनळी आणि खडकीच्या कारखान्यातील काडतुसे. बनविणारे सरकार, परवाना देणारे सरकार आणि तपासणारेही सरकार. मधल्या दुकानदाराने कशाची हमी घ्यावी? २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' हे हलके रिव्हॉल्व्हर काढले. त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. ज्या स्त्रीला रात्रपाळीवरून एकटीने घरी जावे लागते तिला ते परवडणारे नव्हते, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. सरकारी कारखान्यांचे मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी बरखास्त होऊन त्यांच्या कंपन्या झाल्या आणि खासगी उत्पादकांनाही परवाने मिळू लागले आहेत.

सर्वांत दुर्लक्षित गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद १९५९ च्या कायद्यातच आहे. कोकण, गोवा आणि बेळगावच्या पश्चिमेकडील घाटपट्टीत रानडुकरे व माकडे पीक ओरबाडतात, तेथे ही बंदूक अजून दिसते. तिच्या मालकाला दस्त्याच्या मापाचे कौतुक नाही. त्याला दारू, छर्रे आणि वेळेवर दुरुस्ती हवी असते. पण रानडुकरे पिकात शिरतात ती भात पोटरीला आल्यावर, आणि परवान्याच्या नूतनीकरणाचा कागद कचेरीतून परततो आपल्या वेळेने. दुकानदाराने माल दिला नाही तर शेतकरी त्याच्यावर रागावतो. दिला तर दुकानदाराचे दुकान बंद होते. कोडगूमध्ये मात्र कोडव समाज आणि जम्मा जमीनधारक यांना ब्रिटिश काळापासून परवान्यातून सूट आहे, आणि २०१९ मध्ये ती आणखी दहा वर्षांसाठी वाढविण्यात आली. एकाच राज्यातले दोन शेतकरी. एक सुटीचा दाखला दाखवितो, दुसरा नूतनीकरणाची वाट पाहतो. १८७८ च्या फळीपुढची ती दोन गिऱ्हाइके येथे निराळ्या रूपात भेटतात.

विक्री आटल्यावर ही दुकाने चालतात कशावर? याचे उत्तर कायद्याच्या २१ व्या कलमात आहे. ज्याचा परवाना संपला, रद्द झाला किंवा ज्याचा मालक वारला, अशी बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावी लागते. पोलीस ठाण्यातील ओलसर खोलीपेक्षा लोक दुकान पसंत करतात, कारण तेथे निदान तेलाचा हात फिरतो. दुकानदार महिन्याचे भाडे घेतो. निवडणुका आल्या की छाननी समितीच्या आदेशानुसार जमा होणाऱ्या बंदुकांची भर पडते. अशा वेळी अनेक दुकानांत विकाऊ मालापेक्षा ठेवीचा मालच जास्त असतो. वडिलांच्या मागे राहिलेली दुनळी घेऊन मुलगा येतो, वारसाच्या परवान्याचा अर्ज करतो आणि वाट पाहतो. तो विकत काही घेत नाही, पण दुकानाचे खरे गिऱ्हाईक आता तोच आहे. त्याची अपेक्षाही साधी असते: बंदूक दिली तशी परत मिळावी, नळीला गंज नसावा आणि पावतीवर क्रमांक बरोबर लिहिलेला असावा. सदोष बंदुकीबद्दल १९८६ च्या आणि आता २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली इतर कोणत्याही मालाप्रमाणे दाद मागता येते. पण वेळेवर न आलेल्या परवान्याबद्दल दुकानदाराला जबाबदार धरता येत नाही, आणि ठेवीच्या बंदुकीचे भाडे तर दर महिन्याला चढतच असते.

या दुकानांच्या जुन्या नोंदवह्या हे इतिहासाचे मोलाचे साधन आहे. कोणत्या गावात, कोणत्या जातीजमातीच्या, कोणत्या धंद्याच्या माणसाने केव्हा बंदूक घेतली, काडतुसे किती घेतली आणि बंदूक केव्हा कायमची जमा केली, हे सारे त्यात तारखेनिशी असते. स्थानिक इतिहास शिकविणाऱ्या अध्यापकांनी आपल्या शहरातील एखाद्या जुन्या बंदूकवाल्याकडे जाऊन, जिवंत व्यक्तींची नावे वगळून, स्वातंत्र्यपूर्व वह्या पाहायला मिळतात का याची चौकशी जरूर करावी. काही वह्या मोडीत आहेत, काही उर्दू शिकस्तात, काही इंग्रजीत. आणि ज्या दुकानांना पुढची पिढी नाही तेथे त्या रद्दीच्या भावाने जात आहेत.